ग्रंथालयाचा संगणक नव्या आवृत्तीवर नेताना

मुंबई-गोवा महामार्गाने खेडहून चिपळूणकडे निघालात, की परशुराम घाट उतरण्यापूर्वी लोटे लागते. येथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यात एखाद्या टाकीची झडप बदलायची झाली, तर कामगार पाना घेऊन सरळ कामाला लागत नाही. आधी कामाचा परवाना लिहिला जातो. टाकीकडे येणारी नळी बंद करून तिच्या झडपेला कुलूप घालतात आणि काम कोण करीत आहे याची चिठ्ठी त्यावर अडकवतात. टाकी रिकामी झाली की नाही, हे मोजून पाहतात. काम बिघडले तर काय करायचे, हेही आधीच ठरलेले असते. तुमच्यापैकी कोणाचे वडील किंवा काका कारखान्यात असतील, तर त्यांना विचारून पाहा. ‘परमिटशिवाय हात लावायचा नाही’ हे वाक्य ते लगेच सांगतील.

आता हीच शिस्त आपण एका वेगळ्या ठिकाणी लावून पाहू या. समजा, लोट्याच्या एखाद्या शाळेत सहा हजार पुस्तकांचे ग्रंथालय आहे. पुस्तकांच्या नोंदी, विद्यार्थ्यांची नावे, कोणी कोणते पुस्तक कधी नेले, हे सारे शाळेच्याच एका संगणकावर ठेवलेले आहे. वर्गातील दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरूनही ब्राउझर उघडून पुस्तक शोधता येते. नोंदी आठ-दहा वर्षांत विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून टंकल्या आहेत. आणि आता या कार्यक्रमाची, म्हणजे प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली आहे.

‘जुने चालते आहे ना, मग कशाला बदलायचे?’ असे कोणी म्हणेल. हा प्रश्न चुकीचा नाही. पण प्रोग्रामच्या प्रत्येक आवृत्तीत काही दोष राहतात. ते पुढे सापडतात, जाहीर होतात, आणि मग त्यांचा गैरफायदा घेणाऱ्यांनाही कळतात. ठराविक काळानंतर जुन्या आवृत्तीची दुरुस्ती करणे निर्माते थांबवतात. स्वतःच्या संगणकावर प्रोग्राम चालवायचा, तर ही दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. दुसरे कोणी रात्री येऊन ती करून जात नाही.

असे कार्यक्रम अनेक आहेत. आपण ‘कोहा’ हा घेऊ, कारण तो मोफत मिळतो आणि आपल्याकडील अनेक महाविद्यालयांतही वापरला जातो. त्याच्या जन्माची हकीगत आपल्या विषयाशी जुळणारी आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ भागातील ग्रंथालयांचा जुना प्रोग्राम इ. स. २००० हे वर्ष ओळखू शकणार नव्हता, कारण त्यात वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवण्याची सोय होती. तेव्हा कॅटिपो नावाच्या कंपनीकडून नवा प्रोग्राम लिहून घेतला गेला आणि ३ जानेवारी २००० रोजी तो सुरू झाला. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. पुढे तो जगाला खरोखरच भेट म्हणून खुला करण्यात आला. आज त्याची मुख्य आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आणि आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष व महिना असतो. २३.११ म्हणजे २०२३ चा नोव्हेंबर.

तीन वेगळ्या वस्तू

संगणकावरचे हे ग्रंथालय वरून एकच दिसते, पण त्यात तीन भाग असतात. पहिला, प्रोग्राम. दुसरा, मांडणीच्या फायली, म्हणजेच कॉन्फिगरेशन. माहितीसाठा कोठे आहे, त्याचा परवलीचा शब्द कोणता, कोणत्या भाषा दाखवायच्या अशा गोष्टी त्यांत लिहिलेल्या असतात. तिसरा, प्रत्यक्ष माहितीसाठा, म्हणजे डेटाबेस.

प्रोग्राम हरवला तर पुन्हा उतरवून घेता येतो. कॉन्फिगरेशन हरवले तर एक दिवस डोके खाजवावे लागते. माहितीसाठा हरवला, तर तो जगात दुसरीकडे कोठेही नसतो.

नवी आवृत्ती बसवताना प्रोग्राम नुसता बदलला जातो. जुना काढला, नवा ठेवला. माहितीसाठ्याचे तसे नाही. तोच साठा नव्या आकारात ओतावा लागतो. म्हणजे काय, ते एका वहीवर करून पाहा. वहीत वीस पुस्तकांची यादी करा आणि ‘लेखक’ असा एकच रकाना ठेवा. आता नियम बदलला असे समजा: यापुढे ‘आडनाव’ आणि ‘नाव’ असे दोन रकाने हवेत. ‘वि. स. खांडेकर’ सहज विभागले जाईल. पण ‘कुसुमाग्रज’ कोठे लिहाल? ‘बालकवी’? आणि ज्या पुस्तकावर लेखकाऐवजी ‘संपादक मंडळ’ छापले आहे त्याचे काय? माणूस येथे थांबून विचार करतो. संगणक थांबत नाही; त्याला दिलेला नियम तो सहाही हजार नोंदींना लावून मोकळा होतो. आणि एकदा जुना रकाना पुसला, की ‘कुसुमाग्रज’ मुळात आडनावाच्या रकान्यात होते की कोणी तेथे ढकलले, हे नव्या यादीवरून ओळखता येत नाही. नवी यादी पुन्हा जुनी करणे म्हणजे भाताचे तांदूळ करण्यासारखे आहे.

कोहामध्ये अशा बदलांची एक क्रमवार मालिका असते. माहितीसाठा सध्या कोणत्या आवृत्तीचा आहे, तो आकडा साठ्यातच लिहिलेला असतो. नवा प्रोग्राम सुरू होताच तो आकडा स्वतःच्या आकड्याशी ताडून पाहतो. जुळला नाही तर वाचकांना ‘देखभालीचे काम चालू आहे’ असे पान दिसते. आपल्या झडपेवरचे कुलूप आणि चिठ्ठी ती हीच! मग मधल्या पायऱ्या एकेक करून, क्रमाने चढल्या जातात आणि प्रत्येक पायरीनंतर आकडा पुढे सरकतो. मध्येच वीज गेली तर? आणि लोट्याच्या पावसाळ्यात ती जाणारच. कोहा ज्या मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या साठ्यांवर चालतो, त्यांत रकान्यांची रचना बदलणारी आज्ञा झाली की झाली. मागे घेता येत नाही. एका पायरीत अशा तीन आज्ञा असल्या आणि दोन होऊन दिवे गेले, तर साठा ना जुना राहतो ना नवा होतो. म्हणून संगणकाला बॅटरीचा आधार हवा आणि काम शक्यतो मेच्या सुट्टीत हवे, जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्हे.

‘म’ कोठे गेला?

मराठी ग्रंथालयाला एक जादा धोका असतो. तो नीट समजून घेऊ.

संगणक अक्षरे ठेवत नाही, आकडे ठेवतो. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. ‘म’ चा क्रमांक २३५०. संगणकाच्या स्मृतीतील एका घरात, म्हणजे एका बाइटमध्ये, ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. त्यामुळे २३५० ठेवायला एक घर पुरत नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत ‘म’ साठी तीन घरे लागतात आणि त्यांत २२४, १६४, १७४ हे आकडे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला अशी तीन घरे लागतात; काना, मात्रा, अनुस्वार यांनाही. ‘मुंबई’ हा शब्द म, उकार, अनुस्वार, ब, ई असा पाच चिन्हांचा आहे, म्हणून त्याला पंधरा घरे. (तुमचे स्वतःचे नाव किती घरांचे होते ते मोजून पाहा. जोडाक्षरात पायमोडक्या हलन्तालाही तीन घरे मोजायला विसरू नका.)

आता कॉन्फिगरेशनमध्ये एकच ओळ चुकली असे समजा. साठा यूटीएफ-८ मध्ये आहे, पण त्या ओळीत ‘लॅटिन-१’ असे लिहिले आहे. ती युरोपीय भाषांसाठीची जुनी पद्धत. तिच्यात एका घराचे एक अक्षर होते. मग संगणक २२४ वाचून फ्रेंचमधला डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ दाखवतो, १६४ ला चलनाचे एक चिन्ह दाखवतो आणि १७४ ला व्यापारचिन्हाशेजारी येणारा वर्तुळातला ‘आर’. एका ‘म’ च्या जागी तीन परकी चिन्हे!

तरीही घाबरण्याचे कारण नाही. घरांतले आकडे अजून तेच आहेत. फक्त वाचणारा चुकतो आहे. ओळ सुधारली की ‘म’ परत दिसेल. खरा घोटाळा पुढे होतो. कोणी घाईने ही परकी चिन्हे ‘रूपांतरित करून’ पुन्हा साठवली, तर त्या तीन चिन्हांना यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी दोन, म्हणजे सहा घरे लागतात. आता आकडेच बदलले. आणखी एकदा तोच उपाय केला तर आणखी फुगतील. म्हणून अक्षरे बिघडलेली दिसली, तर पहिला नियम हा की काहीही साठवायचे नाही, आधी वाचण्याची ओळ तपासायची.

दुसरे उदाहरण याहून चोरटे आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने जी पद्धत बरीच वर्षे वापरात होती, तिच्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच घरे मिळत. तीन घरांत ६५,५३५ पर्यंतचेच क्रमांक मावतात. देवनागरीचे भागले. पण आपली जुनी मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली आणि तिचे क्रमांक ७१,१६८ पासून सुरू होतात. तिला चार घरे लागतात. एखाद्या ग्रंथपालाने कागदपत्राचे शीर्षक मोडीतही टंकले, तर जुन्या, सैल मांडणीत ते पहिल्या मोडी अक्षरापाशीच तोडले जाई आणि पडद्यावर काही तक्रारही दिसत नसे. पुढच्या आवृत्त्यांत ही सैल मांडणी कडक झाली आणि चार घरांची पद्धत आली.

मग चार घरांवर जाणे सोपे असेल ना? येथे गणित आडवे येते. पुस्तक झटपट सापडावे म्हणून साठ्यात सूची ठेवतात, आणि जुन्या रचनेत सूचीच्या एका नोंदीला ७६७ बाइटांची मर्यादा होती. रकाना २५५ चिन्हांचा असे. २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५. दोन बाइट राखून बसले. २५५ गुणिले ४ म्हणजे १०२०. बसत नाही, आणि आवृत्ती बदलण्याचे काम मध्येच अडून राहते. ७६७ ला ४ ने भागा, १९१ येतात. अनेक जुन्या प्रोग्रामांत १९१ हा विचित्र आकडा रकान्याची लांबी म्हणून दिसतो, त्याचे कारण हे. नव्या रचनेत मर्यादा ३०७२ झाली आहे, पण दहा वर्षांपूर्वी बनवलेला तक्ता आपोआप नव्या रचनेचा होत नाही.

प्रत आहे, पण ती उघडते का?

‘बॅकअप घेतला आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘त्यातून परत उभे करून पाहिले आहे’ असे म्हणणारे फार थोडे. या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते एका खऱ्या घटनेतून पाहा.

गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक तंत्रज्ञ दुय्यम संगणकावरचा माहितीसाठा पुसून नव्याने भरणार होता. थकलेल्या अवस्थेत त्याने ती आज्ञा मुख्य संगणकावर दिली. क्षणात चूक लक्षात येऊन त्याने आज्ञा थांबवली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले होते. ‘हरकत नाही, रोज प्रत निघते’ असे म्हणून त्यांनी प्रतींची जागा उघडली, तर ती रिकामी! कारण असे: माहितीसाठा ९.६ या आवृत्तीवर गेला होता, पण प्रत काढणारे साधन ९.२ चेच चालत होते. ते दररोज नकार देऊन थांबत होते. नकाराची ई-पत्रेही निघत होती, पण मांडणीतील दुसऱ्या एका दोषामुळे ती पोहोचण्याआधीच नाकारली जात होती. शेवटी त्या तंत्रज्ञाने सहा तासांपूर्वी चाचणीसाठी सहज काढलेली एक प्रत कामी आली. सेवा सुमारे अठरा तास बंद राहिली, आणि त्या सहा तासांतील पाच हजारांच्या आसपास प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि सुमारे सातशे नवी खाती गेली. कंपनीने हे सारे लपवले नाही, तपशीलवार जाहीर केले. त्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. अपयशाचा असा प्रामाणिक अहवाल शंभर जाहिरातींपेक्षा उपयोगी असतो.

नीट पाहिले तर येथे बुडवले ते एका आज्ञेने नव्हे. साठ्याची आवृत्ती बदलली, पण तिच्या भोवतालची साधने मागे राहिली. हीच चूक सहा हजार पुस्तकांच्या ग्रंथालयातही होऊ शकते.

म्हणून आपल्या शाळेत काम असे चालेल. प्रथम माहितीसाठ्याची पूर्ण प्रत काढायची. तिच्यासोबत कॉन्फिगरेशनच्या फायली, वेगळ्या कप्प्यात असलेली चित्रे व कागदपत्रे, आणि प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीची बसवणीची फाइलही ठेवायची. परत यायचे झाले तर तिन्ही भाग एकाच दिवसाचे लागतात. जुना साठा आणि नवा प्रोग्राम यांचे जमत नाही. मग प्रयोगशाळेतला एखादा रिकामा संगणक घ्यायचा आणि त्या प्रतीवरून सारे ग्रंथालय त्यावर उभे करायचे. उभे राहिले, तरच ती प्रत. नाही राहिले, तर तो नुसता एक फुगलेला दस्तऐवज.

एक सावधगिरी मात्र घ्या. या सरावाच्या संगणकावर ई-पत्रे आणि संदेश पाठवण्याची सोय प्रथम बंद करा. नाहीतर तोही आपले कर्तव्य समजून सर्व पालकांना ‘आपल्या पाल्याने पुस्तक परत केलेले नाही’ असे कळवू लागेल!

आता सरावाच्या संगणकावर नवी आवृत्ती बसवा. वेळ मोजा. चाळीस मिनिटे लागली, तर खऱ्या दिवशी दोन-अडीच तास हाताशी ठेवा. बसवताना मध्येच प्रश्न येईल: ‘ही कॉन्फिगरेशनची फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घेऊ?’ येथे डोळे मिटून उत्तर देऊ नका. नवी घेतली तर तुमचा परवलीचा शब्द आणि भाषेची निवड पुसली जाईल. जुनी ठेवली तर नव्या आवृत्तीने मागितलेली एखादी ओळ त्यात नसेल. आपली ठेवा, पण दोन्ही फायली शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडा. हे काम दोघांनी मिळून करावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने बोट ठेवावे. फरक दाखवणारी साधने संगणकात असतात. तरी एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे.

मग मोजणी. बदलापूर्वी पुस्तके किती, सभासद किती, बाहेर गेलेली पुस्तके किती, हे तीन आकडे फळ्यावर लिहून ठेवा. बदलानंतर ते तसेच आले पाहिजेत. पण आकडे जुळले म्हणून थांबू नका. अक्षरे बिघडली तरी नोंदींची संख्या बिघडत नाही. म्हणून काही नोंदी उघडून वाचा. सर्वांत जुनी, सर्वांत नवी, सर्वांत लांब शीर्षकाची, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ असलेली, आणि दिनांकाची. ०५/०७/२०१९ ला पाच जुलैचा सात मे झाला नाही ना?

सराव नीट उतरला की खरे काम, त्याच क्रमाने, सरावात लिहून ठेवलेल्या कागदावर एकेक खूण करीत. त्याआधी त्याच सकाळची ताजी प्रत काढा. आणि एक वेळ ठरवा. दुपारी एकपर्यंत आकडे जुळले नाहीत, तर चर्चा न करता जुन्या आवृत्तीवर परतायचे. ही वेळ सकाळीच ठरवावी लागते. दुपारी एक वाजता प्रत्येकाला ‘आणखी दहाच मिनिटे’ हवी असतात.

परतीची वाट कोठे संपते, हेही ठाऊक असावे. समजा रविवारी बदल केला, सोमवारी ऐंशी मुलांनी पुस्तके नेली, आणि मंगळवारी दोष सापडला. रविवारच्या प्रतीवर परत गेलात तर ती ऐंशी पुस्तके कोणाकडे आहेत, हे संगणक विसरेल. म्हणून पहिला आठवडा देवघेवीची नोंद एका साध्या वहीतही करा. जुन्या ग्रंथपालांना ही वही नवी नाही. तिला हसणारे बहुधा संगणक पहिल्यांदाच वापरत असतात.

शेवटी ती प्रत ठेवायची कोठे? त्याच संगणकात नको, हे उघड आहे. त्याच खोलीतही नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराचे पाणी चिपळूण शहरात शिरले, आणि १८६४ साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही शिरले. पुष्कळ ग्रंथ भिजून गेले. २००५ च्या पुरातही या वाचनालयाची हानी झाली होती. चिपळूण वाशिष्ठीच्या काठी, खेड जगबुडीच्या काठी, आणि लोटे मध्ये उंच सपाटीवर. लोट्याच्या शाळेला पुराची भीती कमी, पण वीज पडणे, आग, चोरी यांची आहेच. तेव्हा खाली चिपळुणातल्या एखाद्या शाळेशी अदलाबदल करता येईल: त्यांची प्रत लोट्यात, लोट्याची त्यांच्या वरच्या मजल्यावर. प्रतीत मुलांची नावे व पत्ते असतात आणि कॉन्फिगरेशनमध्ये परवलीचे शब्द, म्हणून ती सांकेतिक कुलूप लावूनच द्यायची. कुलपाचा शब्द मात्र त्याच पाकिटात ठेवू नका. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, कागदावर, सीलबंद असू द्या. आणि दर सहा महिन्यांनी ती प्रत परत आणून प्रयोगशाळेतल्या संगणकावर एकदा उभी करून पाहा. नववीच्या मुलांना एका दुपारचे काम आहे.